हशाची जागा

सुट्टीला घरी आलेल्या माझ्या लेकीनं परवा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेतला कुठलासा प्रसंग, पण मागचं प्रेक्षकांचं हसणं कुणीतरी कापून टाकलेलं. असले व्हिडिओ इंटरनेटवर ढिगानं आहेत. हसू काढून घेतलं की त्यातला रॉस चक्क वेडसर वाटायला लागतो. एक वाक्य बोलतो, मग समोरच्याकडे टक लावून बघत राहतो, सगळे गप्प, मग पुढचं वाक्य. लेकीची हसून हसून पुरेवाट झाली. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल हातभर लांब धरला आणि शेवटपर्यंत बघितलं. इंग्रजी त्यांना बेताचंच कळतं, त्यात ते अमेरिकन उच्चार. "लाफ्टरला थांबलाय तो," ते म्हणाले. "थांबलाय बरोबर. पण पब्लिक कुठंय?" मोबाइल तिच्या हातात देऊन ते पुन्हा टीव्हीकडे वळले. तिथं 'तारक मेहता का उल्टा चश्मा'चा जुना भाग लागला होता. जेठालालचं काहीतरी बिनसलं होतं, सोसायटीतल्या एकेकाचा चेहरा जवळून दाखवणं चाललं होतं आणि प्रत्येक चेहऱ्याला एकेक 'ढँग' होतं. अण्णांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती.

पब्लिक कुठंय? हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

अण्णा नोकरीला नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात होते, पण जीव नाटकात. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, सेकंड शिफ्ट करून आल्यावर रात्री उशिरापर्यंत तालमी. आवाज घोगरा आणि उंची कमी, त्यामुळे भूमिका क्वचितच वाट्याला यायची. ते प्रॉम्प्टर. परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत स्टुलावर बसून, हातात नाटकाची वही आणि रुमालात गुंडाळलेला टॉर्च, असे मी त्यांना लहानपणी पाहिलेत. त्या वहीच्या समासात पेन्सिलीनं बारीक 'ह' काढलेले असायचे. मागच्या प्रयोगात जिथं जिथं हशा आला होता, त्या जागा. मोठा हशा असेल तर 'ह'ला खाली रेघ. हशा चढत असताना पुढचं वाक्य द्यायचं नाही, नट गडबडतो. शिगेला पोचून तो खाली यायला लागला की त्या उतारावर वाक्य सोडायचं. पार विझू दिला तर पंचाईत, प्रेक्षक थंड पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून पेटवावे लागतात. स्पर्धेच्या प्रयोगांना परीक्षक पुढच्या रांगांत मख्ख चेहऱ्यानं बसलेले असत आणि त्यांना बघून आजूबाजूचेही हसायचं आवरत, म्हणून स्पर्धेच्या वहीत 'ह' कमी आणि साध्या प्रयोगाच्या वहीत जास्त. हे सगळं अण्णा अगदी गणित शिकवावं इतक्या गंभीरपणे सांगायचे. त्यामुळे भाषा कळत नसताना, हसू काढून टाकलेलं असताना त्यांना त्या नटाचा पॉज बरोबर कळला, यात खरं तर नवल नाही.

नवल याचं वाटलं की आपण ज्याला परदेशी, पाश्चात्त्य वगैरे म्हणतो तो विनोद घडवायची रीत कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावरची आहे. दिवाणखाना, मधोमध सोफा, सोफ्याचं तोंड प्रेक्षकांकडे, एका बाजूला बाहेरचं दार आणि दुसऱ्या बाजूला आत जायची वाट. आपल्या कुठल्याही फार्साचा हाच सेट. अमेरिकेत १९५१ साली 'आय लव्ह लूसी' सुरू झाली, तेव्हा खऱ्या प्रेक्षकांसमोर नाटकासारखा प्रयोग करायचा आणि तीन फिल्म कॅमेऱ्यांनी एकाच वेळी तो टिपायचा अशी पद्धत त्यांनी बसवली. पुढची पन्नास वर्षं तिकडच्या कितीतरी मालिका त्याच वाटेनं गेल्या. 'फ्रेंड्स' १९९४ पासून २००४ पर्यंत चालली, २३६ भाग झाले, आणि त्यातले बहुतेक समोर बसलेल्या लोकांच्या साक्षीनं झाले. मधल्या वेळात लोक थंड पडू नयेत म्हणून एक वेगळा विनोदवीर नेमलेला असायचा. एखादा विनोद पडला, तर लेखक तिथल्या तिथं दुसरं वाक्य लिहून द्यायचे आणि प्रसंग पुन्हा व्हायचा. म्हणजे अण्णांची पेन्सिल तिथंही होती, फक्त पगारी.

अर्थात सगळंच हसू काही अस्सल नव्हतं. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं १९५० च्या दशकात एक पेटी बनवली होती. आत वेगवेगळ्या हसण्यांच्या टेपा, वर टाइपरायटरसारख्या कळा आणि खाली पायानं दाबायचं पेडल. एका कळीत खुदखुद, दुसरीत खो खो, तिसरीत एखाद्या बाईचा उशिरा फुटलेला खिदळणारा आवाज. संगीत नाटकातले ऑर्गनवाले जसे हातांनी सूर धरून पायानं भाता मारायचे, तसा हा गृहस्थ हसण्याची साथ करायचा. ती पेटी तो कुलपात ठेवायचा, दुसऱ्या कुणाला आत डोकावू द्यायचा नाही. बरीच वर्षं अमेरिकेतल्या घराघरांत हसू कुठं, किती आणि कसं यायचं हे या एका माणसाच्या बोटांवर होतं. त्यावर भांडणंही झाली. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची 'मॅश' १९७२ ला सुरू झाली तेव्हा करणाऱ्यांना हे टेपेवरचं हसू नकोच होतं, वाहिनीला हवं होतं. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगात कुणी हसणार नाही. डॉक्टर विनोद करतायत, टेबलावर पोट फाडलेला पोरगा आहे आणि मागं शांतता. इंग्लंडमध्ये बीबीसीनं ती मालिका दाखवली ती हसू पूर्ण वगळूनच. एकच मालिका दोन देशांत दोन प्रकृतींची झाली, कारण हसणारे एकीकडे खोलीत होते आणि दुसरीकडे नव्हते.

आमच्याकडे खोलीत कोण असायचं ते आता सांगतो.

तिवंध्याजवळच्या ज्या वाड्यात आम्ही भाड्यानं राहायचो तिथं टीव्ही एकच, घरमालकांचा. 'ये जो है जिंदगी' लागायचं त्या सुमाराची गोष्ट, म्हणजे १९८४ च्या पुढची. शुक्रवारी रात्री जेवणं उरकून सगळे भाडेकरू मालकांच्या माजघरात. मालक लाकडी आरामखुर्चीत, त्यांचे भाऊ पलंगावर, आम्ही पोरं सतरंजीवर पुढे आणि बायका उंबऱ्याच्या आसपास, निम्म्या आत निम्म्या बाहेर. सतीश शाह दर भागात नवीन सोंग घेऊन यायचे. आज काय होऊन येणार यावर आम्हा पोरांच्या पैजा. पण ते आले की आधी मालकांकडे बघायचं. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारून 'हात् तिच्यायला' म्हटलं, की मग बाकी खोली हसायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण होतं तसंच. पाण्याच्या नळावरून ज्यांची मालकांशी सकाळी बोलाचाली झालेली असायची, ते तर संध्याकाळी थोडं जास्तच हसायचे. एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनी मालकांच्या आधी, आणि तेही खळखळून, हसल्या. मालकांनी मागं वळून बघितलं, बोलले काहीच नाहीत. पुढच्या शुक्रवारी वहिनी उंबऱ्याच्या पलीकडे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. तिथून टीव्ही अर्धाच दिसायचा. पण हसू मात्र त्यांचं त्यांना मोकळं.

मला वाटतं आपल्याकडची विनोदी मालिका अजूनही त्या माजघरासाठी लिहिली जाते. आजोबा खुर्चीत आहेत, सून उंबऱ्यात आहे, पोरं सतरंजीवर आहेत, आणि विनोद असा हवा की तिघांपैकी कुणालाही दुसऱ्यासमोर हसताना अवघडायला होऊ नये. हे लिहिणं सोपं नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'नं ते करून दाखवलं, म्हणून ती मालिका आजही लोक मायेनं आठवतात. तीन पिढ्या एका घरात, कुणी खलनायक नाही, प्रत्येक भागाला जेमतेम मूठभर घटना आणि शेवटी आबा रोजनिशी लिहिणार. दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, पण दाराची कडी काढताना त्यांचा हात जो रेंगाळायचा तो अस्सल म्हाताऱ्याचा. आणि हेच प्रभावळकर त्याच्या वीसेक वर्षं आधी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले होते. 'वागळे की दुनिया'चे अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, 'हम पाँच'चे अशोक सराफ, 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं'च्या रीमा, 'साराभाई वर्सेस साराभाई'चे सुमीत राघवन, ही सगळी रंगभूमीवर मुरलेली मंडळी. हशा घ्यायचा कसा हे त्यांना हाडीमांसी माहीत. आपण त्यांना नाटकातून उचललं, स्टुडिओत नेलं आणि समोरचा प्रेक्षक तेवढा मागं ठेवला. समोर कॅमेरा, लाइटवाले आणि 'लवकर आटपा, पुढचा सीन आहे' म्हणणारा असिस्टंट. नव्वदीत त्यावर टेपेवरचं हसू चिकटवायची पद्धत होती. ते हसणं कुणाचं होतं कोण जाणे, मराठी माणसाचं तर निश्चित नव्हतं. मग तेही गेलं आणि 'ढँग', 'टिंग' आणि 'ट्वांग' आले.

'हम पाँच'ची एक गोष्ट मात्र मला अजून थोर वाटते. नायकाची पहिली बायको वारलेली, तिचा हार घातलेला फोटो भिंतीवर, आणि तो फोटो बोलतो. प्रिया तेंडुलकर त्या चौकटीतून नवऱ्याला टोमणे मारायच्या. अमेरिकन लेखकाला हे सुचलं नसतं असं नाही, पण त्यांच्या घरात मेलेली माणसं भिंतीवरून जेवणाच्या टेबलावर लक्ष ठेवत नाहीत. आमच्या सिडकोच्या दोन खोल्यांतसुद्धा आजोबांचा फोटो टीव्हीच्या बरोबर वर होता. टीव्ही बघताना आपण त्यांच्याकडेच बघतोय असं वाटायचं.

तिकडच्या मालिका जशाच्या तशा इकडे आणल्या की बहुतेक वेळा गाडी अडते, ती इथंच. 'एव्हरीबडी लव्हज रेमंड'चा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: नायकाचे आईवडील रस्त्याच्या पलीकडे राहतात आणि न विचारता घरात येतात. अमेरिकेत ही अडचण आहे, म्हणून तो विनोद. २०१५ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती 'सुमित संभाल लेगा' आली. नमित दास, सतीश कौशिक आणि पुन्हा भारती आचरेकर, म्हणजे नटांच्या नावानं बोट ठेवायला जागा नाही. आमच्या घरी पहिले काही भाग बघितले. सासू न विचारता आत आली आणि तिनं फ्रीज उघडला, यावर आमच्या हिनं विचारलं, "मग काय बेल वाजवून यायचं का तिनं?" संपलं. हशाची जागा होती, हशा नव्हता. मालिका फार टिकली नाही. रशियात मात्र हीच मालिका त्यांच्या पद्धतीनं केली आणि धो धो चालली, त्यामुळे संयुक्त कुटुंबाचं कारण पुढे करून हात झटकता येत नाहीत. उलट 'जबान संभाल के' बघा. मूळ ब्रिटिश मालिकेत लंडनच्या वर्गात जगभरातले लोक इंग्रजी शिकायला येतात. इथं पंकज कपूर हिंदी शिकवतात आणि वर्गात निरनिराळ्या प्रांतांचे लोक. ते जमलं, कारण तसला वर्ग आपल्याकडे रेल्वेच्या कुठल्याही डब्यात भरतो. 'येस मिनिस्टर'वरून २००१ मध्ये केलेलं 'जी मंत्रीजी'सुद्धा मी आवडीनं बघायचो, पण ते बहुतांशी फारूक शेख यांच्यासाठी. सचिव मंत्र्याला सहज गुंडाळतो आणि मंत्री बिचारा होतो, हे नाशिकच्या माणसाच्या गळी उतरायला जरा अवघडच.

'द ऑफिस' या मालिकेचं तर याहून गमतीचं, पण आधी आमच्या कंपनीचं सांगतो. माझी नोकरी अंबडला, एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये. खंडेनवमीला आमच्याकडे मशिनं धुऊन पुसून, कूलंटचा वास जाईपर्यंत घासून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. शॉपफ्लोअरवर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि मग साहेब दोन शब्द बोलतात. त्या दोन शब्दांत एक विनोद ठरलेला. नव्या मशीनवर आणि जुन्या बायकोवर आहे, यापेक्षा जास्त सांगत नाही. दरवर्षी तोच. मागच्या रांगेत ऑपरेटर मंडळी हातात पेढा धरून उभी असतात, कारण साहेब बोलत असताना तो तोंडात टाकता येत नाही. विनोद जवळ आला की फोरमन खाकरतो. तेवढ्यात पुढची रांग हसायला सुरुवात करते. एका वर्षी लोक इतके आधी हसले की साहेबांचं वाक्य मधेच राहिलं. ते क्षणभर थांबले, मग हसणं उतरायला लागल्यावर उरलेलं अर्धं वाक्य बोलले, आणि त्यालाही तितकाच हशा मिळाला. शेजारच्या नव्या ट्रेनी मुलानं मला हळूच विचारलं, "सर, काय झालं?" त्याला मागून कोपर बसलं आणि तोही हसला.

ब्रिटिश 'ऑफिस' २००१ ची. तिच्यात टेपेवरचं हसू नाही, प्रेक्षक नाहीत. साहेब विनोद करतो आणि कुणीच हसत नाही, कॅमेरा त्या शांततेवर नको इतका वेळ थांबतो, आपल्याला खुर्चीत चुळबुळ होते. अमेरिकन आवृत्ती जरा मऊ, २०० च्या वर भाग चाललेली, पण तिथंही साहेबानं तोंड उघडलं की कारकून कॅमेऱ्याकडे बघतो. २०१९ मध्ये ती हिंदीत आली, फरीदाबादच्या कागदाच्या कंपनीत. मुकुल चड्ढा चांगले नट आहेत. पण त्यांच्या विनोदावर कर्मचारी शांत बसलेले बघून मला पहिला प्रश्न पडला की यांना इन्क्रिमेंट नकोय का? तिकडे साहेबाच्या विनोदावर कुणी हसत नाही यात गंमत आहे. इकडची गंमत सगळे हसतात यात आहे. कुणीतरी अंबडच्या खंडेनवमीला कॅमेरा लावायला हवा होता.

आता भागांचा हिशेब. 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश मालिकेचे एकूण भाग १२. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. बास. हॉटेलचा तिरसट मालक, त्याची बायको, एक गोंधळलेला वेटर, आणि बारा वेळा सगळं घड्याळाच्या काट्यासारखं कोसळतं. आपल्या 'साराभाई'चेही मूळ भाग सत्तरच्या आसपास, २००४ ते २००६, आणि तेव्हा ती मालिका काही फार गाजली नव्हती. लोकांनी ती नंतर शोधून काढली, पाठ केली. इतके कमी भाग असल्यामुळेच पाठ करता आली, हेही आहे. सासू मायाचा नाक मुरडणारा स्वर आणि सून मोनिशाची काटकसर याच्यापुढं जाऊन प्रत्येकाला वेगळं वाक्य द्यायला लेखकाला वेळ मिळाला होता. दुसऱ्या टोकाला 'तारक मेहता'. गुजराती 'चित्रलेखा'मधल्या सदरावरून २००८ मध्ये सुरू झाली, चार हजार भाग कधीच ओलांडून गेली. जेठालालची बायको दयाबेन २०१७ पासून माहेरी आहे. ज्या कोरियन युद्धावर 'मॅश' होती ते युद्ध तीन वर्षं चाललं आणि मालिका ११, यावर तिकडे लोक विनोद करायचे. आमच्या टपूच्या टोळीतली पोरंसोरं एवढी मोठी झाली, काही चेहरे बदलले, पण गोकुळधामच्या कट्ट्यावर सोडा अजून तोच.

आठवड्याला पाच-सहा भाग म्हणजे काय होतं हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणून बघावं. लेखक आज लिहितो, उद्या-परवा चित्रीकरण होतं, गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी कथा वळते. वाक्य घासायला सवड नाही. मग स्वभाव बाजूला पडतो आणि लकब उरते. एकाचं 'हे माँ माताजी', दुसऱ्याचं आणखी काही. लकब दिसली की आवाज वाजवायचा. लेखकाला मी दोष देत नाही, अण्णांनाही चार हजार प्रयोगांची वही दिली असती तर त्यांनी पेन्सिल फेकून दिली असती. आणि खरं सांगायचं तर अण्णा ती मालिका हसायला बघतच नाहीत. आई गेल्यानंतर घरात संध्याकाळी कुणाचे तरी ओळखीचे आवाज हवेत म्हणून ती लागलेली असते. त्या आवाजांत कुणी मरत नाही, कुणी घर सोडून जात नाही, दर गणपतीला गणपती आणि दर दिवाळीला दिवाळी येते. बारा भागांत संपणाऱ्या कुठल्याही थोर मालिकेला हे काम जमणार नाही. हे लक्षात आल्यापासून मी जेठालालबद्दल घरात वाकडं बोलणं कमी केलंय. लेख लिहिताना बोलतो.

मराठीत दरम्यान एक वेगळीच गोष्ट झाली. मालिकांनी सोडून दिलेलं नाटक मागच्या दारानं परत आलं, प्रहसनाच्या रूपात. 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. रंगमंच, नेपथ्य, दहा-बारा मिनिटांचा खेळ, समोर माणसं. अण्णा कशाला हसत असतील तर ते हास्यजत्रेला. मांडीवर थाप मारून. नट हशाला थांबतो आणि हशा येतो. पण इथं एक गंमत आहे. कॅमेरा प्रेक्षकांपेक्षा जास्त वेळा परीक्षकांच्या खुर्च्यांकडे जातो. परीक्षक हसले, परीक्षकांनी डोळे पुसले, परीक्षक कोसळले. हिंदीत कपिल शर्माच्या कार्यक्रमात तर खुर्चीत बसून हसणं हीच एक भूमिका झाली आहे, आणि ती आज अर्चना पूरनसिंग करतात, ज्या 'श्रीमान श्रीमती'त स्वतः हशे वसूल करायच्या. डग्लसच्या पेटीऐवजी आपण खुर्ची ठेवली. खुर्चीतल्या माणसानं आधी हसायचं, मग घरानं. आमच्या वाड्याच्या मालकांना हा कार्यक्रम फार आवडला असता.

लेकीच्या पिढीला ही खुर्ची नकोशी आहे. ती आतल्या खोलीत, कानात इअरफोन घालून 'पंचायत' बघते, 'गुल्लक' बघते, इंग्रजी तर किती बघते त्याची गणतीच नाही. या मालिकांत हसण्याची टेप नाही, 'ढँग' नाही, भाग मोजके. 'पंचायत'मधल्या रघुवीर यादवांना मी १९८९ मध्ये मुंगेरीलाल म्हणून बघितलं होतं. तेच डोळे, पण आता त्यांना कुणी घाई करत नाही, चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत कॅमेरा थांबतो. उत्तम आहे सगळं. फक्त मधेच आतल्या खोलीतून तिच्या एकटीचं जोरात हसणं ऐकू येतं आणि बाहेर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. काय झालं विचारायला जावं तर ती म्हणते, "सांगून नाही कळणार बाबा, बघायला लागेल." इअरफोनचं एक बोंडूक ती माझ्या कानात घालते, चार मिनिटं मागं नेऊन दाखवते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. आता हसलं नाही तर वाईट दिसेल, म्हणून मी जरा आधीच हसतो.

माझं आपलं एक म्हणणं आहे, कुणी ऐकणार असेल तर. कालिदासला सोमवार ते गुरुवार दुपारी बऱ्याचदा शुकशुकाट असतो. नूतनीकरण झाल्यापासून तिथला आवाजही बरा येतो. नाशिकमध्ये हौशी-व्यावसायिक मिळून चांगले नट आहेत, राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी दिसतात. एक मालिका लिहावी, सिडकोतल्या एखाद्या बंद पडलेल्या लिफ्टच्या सोसायटीवर किंवा अंबडच्या स्टोअर्सवर, स्टोअर्सचं साहित्य मी पुरवतो. मोजून बारा भाग. प्रत्येक भागाचा प्रयोग लोकांसमोर करायचा, तिकीट लावून, आणि तोच चित्रित करायचा. समोरचे हसले तर हसू राहील, नाही हसले तर शांतता राहील आणि लेखक रात्री घरी बसून ते पान पुन्हा लिहील. परीक्षक नाहीत, 'ट्वांग' नाही. अण्णांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, चालेल, पण मध्यंतर ठेवा, बटाटेवडा पोटात गेल्याशिवाय नाशिकचा प्रेक्षक दुसऱ्या अंकाला हसत नाही. वाहिनीवाल्यांचा पहिला प्रश्न काय असेल तेही मला ठाऊक आहे: बाराव्या भागानंतर काय? बाराव्या भागानंतर काही नाही, साहेब. सेट मोडायचा, सोफा ज्याचा आणलाय त्याला परत करायचा आणि लेखकाला चार महिने झोपू द्यायचं.